ती पांढरी रेघ फ्लोराइडची नव्हे

पत्र

डॉक्टर, माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूच्या एका खेड्यात. लहानपणी आम्ही हातपंपाचं पाणी प्यायलो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. माझ्याही आहेत, अजून फोटोत मी ओठ मिटूनच हसते. पुढे सरकारी माणसं पाणी तपासून गेली आणि पंपाला लाल रंग लावून गेली. फ्लोराइड जास्त आहे म्हणाले. बाबांची कंबर आता सरळ होत नाही, तेही त्यानंच झालं म्हणतात.

आता मी पुण्यात असते. मुलगा चार वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली आणि मला धस्स झालं. डेंटिस्टकडे नेलं, तर एका दाढेत कीड आहे म्हणाले, आणि वर फ्लोराइडची पेस्ट वापरा म्हणाले! ज्यानं आमच्या गावाचं वाटोळं केलं तेच पोराच्या तोंडात घालू? सासूबाई त्याला लाल दंतमंजन लावतात. म्हणतात, आम्ही राखुंडी नि कडुनिंबाच्या काडीवर दात टिकवले. दिरांनी ग्रुपवर टाकलंय की फ्लोराइड हे उंदराचं विष आहे आणि त्यानं मुलांची बुद्धी कमी होते. मे महिन्यात आम्ही महिनाभर माहेरी जातो. तेव्हा पेस्ट बंद ठेवू का, तेही सांगा.

— एक आई, पुणे

उत्तर

ताई,

तुमची भीती ऐकीव नाही, भोगलेली आहे. म्हणून दिरांचा फॉरवर्ड आणि तुमचा प्रश्न मी एका तागडीत तोलणार नाही. फॉरवर्डचा समाचार पुढे घेऊच. आधी ती पांढरी रेघ बघू, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे.

रेघ हिरडीला लागून आहे, खडूसारखी आहे, आणि त्याच मुलाच्या दाढेत कीडही आहे. मी काही त्याचं तोंड पाहिलेलं नाही, तुमच्या डेंटिस्टनी पाहिलंय. पण एवढ्या वर्णनावरून माझाही कौल त्यांच्याच बाजूला जातो. ती फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं दातांवर पडणाऱ्या डागांची, खूण नसावी. खड्डा पडायच्या आधी कीड अशीच दिसते.

तुम्हाला स्वतःला खात्री करून घ्यायची असेल तर उद्या सकाळी त्याला खिडकीपाशी उभा करा. वरचा ओठ बोटानं उचला आणि दात स्वच्छ सुती कापडानं पुसून कोरडे करा. किडीची रेघ हिरडीच्या कमानीबरोबर वळत जाते, कारण चिकट पांढुरका थर साचतो तो नेमका तिथंच. नख फिरवलंत तर नखाला येईल. थर पुसला गेला तरी रेघ राहते, आणि दात कोरडा झाला की आणखी उठून दिसते. फ्लोरोसिसची तऱ्हा वेगळी. त्याच्या आडव्या, बारीक, ढगाळ रेषा दाताच्या मधल्या भागावर आणि कडेकडेला पसरतात, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्याच असतात आणि हिरडीशी त्यांना काही देणंघेणं नसतं. शिवाय फ्लोरोसिस हे मुख्यतः कायमच्या दातांचं दुखणं आहे. दुधाच्या दातांवर तो क्वचित दिसतो, आणि तोही पाण्यात फारच फ्लोराइड असेल तिथं. पुण्यात तुम्ही महापालिकेचं धरणाचं पाणी पीत असाल तर ती शक्यता मी जवळजवळ सोडूनच देईन. सोसायटीत प्यायला बोअरचं पाणी येत असेल तर मात्र ते एकदा तपासून घ्या.

म्हणजे जी रेघ बघून तुम्ही फ्लोराइडला घराबाहेर काढायला निघालात, तिला थोपवायला तेच लागणार आहे.

कसं ते सांगते. दाताचं बाहेरचं कवच, इनॅमल, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे दाटीनं बसलेले स्फटिक. शरीरात याहून कठीण काही नाही, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. मुलानं बिस्किट खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू त्यातल्या साखरेवर ताव मारतात आणि काही मिनिटांत आम्ल सोडतात. त्या थरातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ येते, आम्ल मवाळ करते. अर्ध्या-एक तासात वारं फिरतं आणि सुटलेली खनिजं परत बसू लागतात. हे जाणं-येणं तुमच्या-माझ्या तोंडात दिवसभर चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. जाणं जास्त आणि येणं कमी, असं महिनोन् महिने झालं की वरचा पापुद्रा शाबूत राहतो, पण त्याखाली इनॅमल विरविरीत होतं. त्यातून प्रकाश विखुरतो आणि ते पांढरं दिसतं. हीच ती रेघ.

तुमच्याकडच्या शेताच्या धुऱ्यासारखं समजा. दर पावसाळ्यात थोडी माती वाहून जाते, उन्हाळ्यात आपण ती परत चढवतो. फ्लोराइड हजर असलं की परत चढवताना मातीबरोबर मुरूम पडतो. काम लवकर होतं, आणि पुढच्या पावसात तो धुरा पूर्वीइतका ढासळत नाही. फ्लोराइड शिरलेला नवा स्फटिक पीएच ४.५ च्या आसपास जाईपर्यंत तग धरतो. पेस्टमधलं थोडं फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर आणि लाळेत रेंगाळतं, कॅल्शियमशी जोडी करून बारीक साठे करून बसतं, आणि आम्ल आलं की त्यातूनच सुटतं. ऐन गरजेच्या वेळी हाताशी येतं म्हणायचं. जंतूंच्या आम्ल बनवण्यातही ते थोडा खोडा घालतं, पण मुख्य काम डागडुजीचं.

यात एक गोष्ट बघा. हे सगळं दाताच्या बाहेरच्या अंगाला घडतं, पोटात काही जावं लागत नाही. आणि तुमच्या गावात जे झालं ते नेमकं उलट बाजूनं झालं.

तुमच्या दातांवरचे पट्टे दात हिरडीतून वर यायच्या कितीतरी आधीचे आहेत. पाण्यातून पोटात गेलेलं फ्लोराइड रक्तात गेलं आणि जबड्याच्या आत जे कायमचे दात घडत होते त्यांच्या इनॅमलची घडण त्यानं बिघडवली. अक्कलदाढा सोडल्या तर हे घडण्याचं वय साधारण आठव्या वर्षापर्यंत असतं. एकदा इनॅमल तयार झालं की नंतर कितीही फ्लोराइड आलं तरी त्या दाताला फ्लोरोसिस होत नाही. म्हणून तुम्ही स्वतः आज फ्लोराइडची पेस्ट वापरलीत तर तुमचे पट्टे वाढायचे नाहीत. कमीही व्हायचे नाहीत म्हणा.

तुम्हाला गंमत वाटेल, पण दाताला फ्लोराइडचा उपयोग होतो हे जगाला कळलं तेच मुळी तुमच्यासारख्या पट्ट्यांवरून. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा नुकता शिकून बाहेर पडलेला डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेला. तिथं जन्मलेल्या माणसांच्या दातांवर चॉकलेटी डाग. कुणी डुकराच्या मांसाला दोष देई, कुणी दुधाला. १९०९ पासून जी. व्ही. ब्लॅक हे त्या काळातले बडे दंततज्ज्ञ त्याच्या जोडीला आले. दोघांच्या एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली, की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. पुढे १९२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली गावच्या आईबापांनी मॅकेला सांगितलं की एका कोमट झऱ्यावरून नळ आणल्यापासून मुलांचे दात बिघडू लागले. त्यानं पाणी तपासलं, काही सापडलं नाही, तरी नळ बंद करा म्हणून सांगितलं. गावानं ऐकलं. काही वर्षांनी तिथल्या लहान मुलांचे नवे दात स्वच्छ आले. कारण मात्र १९३१ पर्यंत कळलं नाही. ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाला काळजी होती की खापर ॲल्युमिनियमवर फुटेल. त्यानं कंपनीच्या बॉक्साइट या गावचं पाणी बारकाईनं तपासलं आणि फ्लोराइड सापडलं. मग अमेरिकी सरकारच्या आरोग्य सेवेतले दंततज्ज्ञ ट्रेंडली डीन यांनी गावोगावची आकडेवारी जमवून दाखवलं की लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर कीड कमी राहते आणि डागही नावापुरते पडतात.

१९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरानं पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली, आणि पन्नाशीच्या दशकात फ्लोराइडची पेस्ट बाजारात आली. त्या काळी समजूत अशी होती की फ्लोराइड पोटात जाऊन घडत्या दातात मुरतं, म्हणून दात बळकट होतो. पुढच्या संशोधनानं ती बरीचशी मोडीत काढली. फायदा होतो तो मुख्यतः वरून लागल्यानं, आणि फ्लोरोसिस होतो तो गिळल्यानं. मला विचाराल तर तुमच्या पत्राचं अर्धं उत्तर या एका शोधात आहे. वरून लावायचं, गिळायचं नाही. पेस्ट नेमकी त्याचसाठी आहे.

आता हिशेब. समजा तुमच्या त्या पंपाच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड होतं. भारतीय मानकाप्रमाणे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. चार वर्षांच्या मुलानं दिवसाला एक लिटर पाणी प्यायलं की ३ मिलिग्रॅम सरळ पोटात, रोज, वर्षानुवर्षं. शिवाय त्याच पाण्यातलं वरण, भात, चहा. उलट, १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) पेस्टमध्ये एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. मुलानं दोन्ही वेळची पेस्ट समजा पूर्ण गिळली, एक थेंब थुंकला नाही, तरी झालं अर्धा मिलिग्रॅम. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी रोजची वरची मर्यादा २.२ मिलिग्रॅम धरतात. पण जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी पट्टी काढलीत तर ती ग्रॅमभर होते, आणि दोन वेळा गिळली की मुलगा मर्यादेला जाऊन टेकतो. त्या जाहिरातींवर माझा फार जुना राग आहे. पेस्ट लवकर संपण्यापलीकडे त्या पट्टीचा मोठ्या माणसालाही काही उपयोग नाही.

दिरांच्या फॉरवर्डमध्ये एक शब्द खरा आहे. सोडियम फ्लोराइड पूर्वी उंदीर आणि झुरळं मारायला वापरत. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं वॉरफरिनही उंदीर मारायला वापरतात, आणि तेच औषध हृदयाच्या झडपा बदललेल्या माणसांना रोज मोजून देतात. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड एकदम पोटात गेलं तर ती तातडीची गोष्ट समजतात. तुमचा मुलगा १६ किलोचा असेल तर ८० मिलिग्रॅम, म्हणजे १००० पीपीएमच्या १०० ग्रॅमच्या ट्यूबचा बराच मोठा भाग. तेव्हा ट्यूब त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका, एवढी काळजी पुरे. त्यानं खरंच खूप पेस्ट खाल्ली तर दूध पाजा, कारण कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं, आणि लगेच दवाखाना गाठा.

बुद्धीबद्दल म्हणाल तर तेही अगदी हवेतून आलेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमनं ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल काढला. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, असं त्यात मध्यम खात्रीनं म्हटलंय. तो अहवाल पोटात जाणाऱ्या फ्लोराइडबद्दल, मुख्यतः पाण्याबद्दल आहे. तुमच्या माहेरच्या पंपाशी त्याचा संबंध लागतो, पुण्यातल्या बेसिनवरच्या वाटाण्याएवढ्या पेस्टशी नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी पाणी गाळून फक्त फ्लोराइड ठेवलं. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आणि डझनावारी चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा, की फ्लोराइडच्या पेस्टनं मुलांमधली कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा जादूचा नाही हे मीही मान्य करते. पण रोज दोन मिनिटांत, आहे त्याच खर्चात कीड एवढी घटवणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचे दात टिकले असतील तर त्याला कारणं आहेत. त्यांच्या लहानपणी साखर सणावाराला दिसे, बिस्किटाचा पुडा घरात पडून नसे, आणि काडी चावत बसण्यात वेळ जाई तेवढा थर निघे. कडुनिंबाची काडी काही वाईट नाही. पण काडी, राखुंडी किंवा मंजन थर काढतील, झिजलेल्या जागी डागडुजी करणार नाहीत. बहुतेक मंजनांमध्ये फ्लोराइड नसतंच, आणि काहींची पूड इतकी खरखरीत असते की बोटानं रोज रगडून दात हिरडीशी झिजतात. एक गोष्ट मात्र गोडीत विचारून घ्या, राखुंडी म्हणता म्हणता त्या मशेरी तर लावत नाहीत ना? मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? तसं असेल तर मुलापेक्षा त्यांच्याच तोंडाची तपासणी आधी करून घ्या.

पेस्ट घेताना ट्यूबची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावं आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेलं असावं. घटकांत सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट यांतलं एक नाव दिसेल. खडू असलेल्या पेस्टमध्ये दुसरं वापरतात, कारण सोडियम फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमला चिकटून वाया जातं. टक्केवारी बघून गोंधळू नका. ०.७६ टक्के मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि ०.२२ टक्के सोडियम फ्लोराइड, दोन्हींतून मिळतं १००० पीपीएमच. पाकिटावर ‘हर्बल’, ‘मीठ’, ‘कोळसा’ असं काही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर मागे पीपीएमचा आकडा आहे का तेवढं बघा. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, काहींत ५०० च्या आसपास असतं. १००० पासून पुढे फायदा नीट सिद्ध झालाय, त्याखाली तितका नाही. म्हणून चार वर्षांच्या मुलाला मी मोठ्यांचीच १००० ची पेस्ट देते, फक्त वाटाण्याएवढी. म्हणजे हिरवा वाटाणा, छोले नव्हेत. (तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.) स्ट्रॉबेरीच्या चवीची शक्यतो नको. मुलं ती चाटून खातात.

पेस्ट तुम्ही लावा आणि ब्रशही तुम्हीच करा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला हिरडीलगतचा कोपरा साधत नाही. ब्रश पुढच्या दातांच्या मधोमध फिरवून ‘झालं!’ म्हणतात. त्याच्या मागे उभ्या राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, डाव्या हाताच्या बोटानं वरचा ओठ उचला आणि ब्रशचे केस जिथं दात नि हिरडी मिळतात तिथं ठेवून हलक्या हातानं छोटे गोल फिरवा. तुमची ती पांढरी रेघ तिथंच आहे. शेवटच्या दाढांची मागची बाजू विसरू नका.

झालं की थुंकायला सांगा. आणि इथं आपल्याकडची एक पक्की सवय मोडायची आहे, खळखळून चूळ भरायची. पेलाभर पाण्यानं तीनदा चूळ भरली की दातावर रेंगाळायला हवं ते फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. थुंकायचं, पुन्हा थुंकायचं, ओठ पुसायचे, बस. पहिले काही दिवस तोंड चिकट वाटतं, मग वाटत नाही. अजून त्याला थुंकता येत नसेल तर मान खाली घालून पेस्ट ओघळू द्या, आणि तोवर वाटाण्याचीही अर्धी करा.

दोन वेळांतली रात्रीची वेळ चुकवायची नाही. झोपेत लाळ आटते, म्हणजे डागडुजी करणारं कुणी नसतं. ब्रशनंतर फक्त पाणी. चॉकलेट पावडर घातलेलं दूध ब्रशच्या आधी, आणि बाटली तोंडात ठेवून झोपणं बंद. दिवसभरात गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोजा. जेवणानंतरचा एक लाडू परवडतो, पण तासातासाला तोंडात टाकलेलं बिस्किट परवडत नाही.

दाढेतली कीड पेस्टनं भरून येणार नाही. खड्डा पडला की डेंटिस्टच लागतो. ‘दुधाचीच तर दाढ आहे, पडेल’ असं म्हणून ती सोडू नका, मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि दुखतातही. पांढऱ्या रेघेवर तुमचे डेंटिस्ट कदाचित फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा चिकट लेप, लावतील. त्यावर २२,६०० पीपीएम असा आकडा वाचून घाबरू नका. ते ब्रशच्या टोकावर येईल इतकंच घेतात आणि दाताला चिकटून बसतं. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. सगळं जमून आलं तर रेघेचा खडूसारखा मळकट भाग पुन्हा चकचकीत होतो. पांढरेपणाची थोडी छटा राहिली तरी ती थांबलेली असते.

आणखी दोन वर्षांनी एक दाढ येईल, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता. बहुतेक आईबाप तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते, आयुष्यभराची, आणि सगळ्यात आधी किडते तीच. सहाव्या वाढदिवसानंतर टॉर्च घेऊन तिला शोधा.

तुमच्या स्वतःच्या पट्ट्यांवर उपाय आहेत. डाग वरवरचे असतील तर इनॅमलचा अगदी पातळ थर घासून ते बरेच फिके करता येतात, खोल असतील तर दातावर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, पातळ थर चढवतात. एकदा विचारून तर बघा.

आता मे महिना. तुमचा मुलगा त्याच पंपाचं पाणी पीत तिथं वाढत असता तर माझा सल्ला वेगळा असता. पाणी बदलेपर्यंत पेस्टबद्दल स्थानिक डेंटिस्टचं ऐका, असं म्हटलं असतं. महिनाभराच्या मुक्कामाला पेस्ट बंद करू नका, पाणी बदला. गावात आता नळयोजनेचं पाणी येतं का विचारा. नसेल तर पिण्याला आणि स्वयंपाकालाही आरओचं पाणी आणा, कारण भात शिजताना पाणी सगळं पिऊन घेतो. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं. नुसती तुरटी फिरवूनही भागत नाही. तुरटी आणि चुना मोजून घालायची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केली, पण ती प्रमाण ठरवून, तपासणी करून चालवायची गोष्ट आहे, घरच्या अंदाजानं नाही. आंघोळीला, कपड्यांना पंपाचं पाणी खुशाल वापरा.

गेलात की एक बाटली पाणी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. तो आकडा बाबांच्या डॉक्टरांनाही दाखवा. कंबर फ्लोराइडनं धरलीय की आणखी कशानं, हे एक्स-रेशिवाय कुणी सांगू नये, आणि तुम्हीही धरून चालू नका. मुलाची पेस्ट नि ब्रश बॅगेत आधी टाका. आजोळी रात्री निजताना हातावर गुळाचा खडा ठेवायची पद्धत असेल, तर तो ब्रशच्या आधी ठेवा म्हणावं.